ब्रँडीवाईन आणि आपलं भेदरं



शाळेच्या बागेत यंदा 'ब्रँडीवाईन' हा अमेरिकेतला जुना, मोठ्या गुलाबी फळाचा टोमॅटो लावावा, अशी काही पालकांची सूचना आहे. बागेची जागा सायकल स्टँडला द्यावी, असाही विचार मंडळापुढे आहे. दोन्हींबद्दल माझे मत मांडतो.

ब्रँडीवाईनची कीर्ती चवीची. पण टोमॅटोला फळ धरायला रात्री साधारण १३ ते २१ अंश तापमान मानवते; दिवसा पारा ३५ च्या पुढे गेला की फुले गळतात. शिवाय हे वाण उशिराचे, रोप लावल्यापासून तीनेक महिने घेणारे. आदिलाबादेत मे महिन्यात ४४-४५ अंश, तर थंडीच्या लाटेत रात्री ५-६ अंश! म्हणजे या पाहुण्याला फुलायला ऑक्टोबर-नोव्हेंबरच काय ते बरे. बी ऑगस्टमध्येच टाकावे लागेल. उन्हाळ्यात लावून वाणाला नावे ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

बाहेरचे वाण इथे रुजतच नाही, असेही नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'टिप-टॉप' या अमेरिकन वाणातून निवड करून 'अर्का विकास' काढले. ते कोरडवाहू रानातही तग धरते. आम्ही हिंदी माध्यमवाल्यांनी 'अनुकूलन' हा शब्द नुसता पाठ केला. वाफ्यात अशी निवड करून पाहायची तर तीन-चार हंगाम हवेत. म्हणून बाग निदान तीन वर्षे हलवू नये. सायकली फाटकाजवळच्या भिंतीलगतही मावतील.

आणि ब्रँडीवाईनशेजारी गावरान टोमॅटोची एक ओळ हवीच. आपल्या घरच्या आज्या ज्याला 'भेदरं' म्हणतात ते, आंबट, पातळ सालीचं. ते दूरच्या बाजारापर्यंत टिकत नाही, म्हणून शेतकरी संकरित वाण लावतात. त्यात त्यांचा दोष नाही. मात्र संकरित फळाचे बी धरले तर पुढच्या वर्षी तसेच झाड येत नाही, पाकीट दरवर्षी विकत घ्यावे लागते. भेदराचे बी घरी धरता येते, कारण टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी अशीच देशी बियाणी जपली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ज्यांच्या घरी आजीने भेदराचे बी फडक्यात बांधून ठेवले असेल त्यांनी चिमूटभर पुडीत आणावे. पुडीवर गावाचे नाव आणि जमीन काळी की बरड, एवढे लिहून जुलै अखेरपर्यंत विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावे.