नाताळ विकत आणायचा नसतो

गणपतीच्या तयार मखरांवर लिहिलं तेव्हा बरेच वाचक रागावले होते. लोकांना वेळ नाही, तुमचं काय जातं, असं त्यांचं म्हणणं. या आठवड्यात तेच दुखणं नाताळात दिसलं. ओळखीतल्या एका ख्रिस्ती घरातली मुलगी नर्स म्हणून इंग्लंडला गेली आहे. घराबाहेरचा पहिलाच नाताळ. घर सणाचं वाटावं म्हणून काय करू, असं तिने ग्रुपवर विचारलं. उत्तरं सगळी खरेदीची. झाड घे, माळा घे, दाराला लावायची तयार सजावट घे. करंजीचं नाव कुणीही काढलं नाही, याचा मला मनापासून राग आला.

मला आठवतात ते फादर थॉमस स्टीफन्स. ते इंग्लंडचेच. 1579 साली गोव्याला उतरले आणि 1619 साली तिथेच वारले. म्हणजे चाळीस नाताळ परक्या मुलखात. झाडाचा तर प्रश्नच नव्हता. इंग्लंडात ते घरोघरी पोचलं व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1840 नंतर. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती आणि आता ऐकायला काही उरलं नव्हतं. स्टीफन्सनी त्यांच्या ओळखीची ओवी उचलली आणि मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. सुमारे अकरा हजार ओव्या, 1616 साली छापलेल्या. त्यातल्या दुसऱ्या पुराणात येशूच्या जन्माची कथा आहे. रविवारी, सणावारी लोक ती देवळात म्हणू लागले. सण त्यांच्या तोंडी बसला म्हणून तो त्यांचा झाला.

आता ही मुलगी त्याच वाटेने उलटी गेली आहे, थेट स्टीफन्सच्या देशात. झगमगाट तिथे रस्तोरस्ती आहे, त्यात तिने आणखी एक माळ लावून काय होणार? तिथे नाही ते तिच्या आईच्या घरचं. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक काढावं आणि रेव्हरंड टिळकांची गीतं मोठ्याने म्हणावीत. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. संध्याकाळ लांबलचक असते, गायला वेळच वेळ. वसईत, गोव्यात करतात तसे ताटलीत गहू पेरावेत, हिरवे कोंब आले की ती येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात ठेवावी. थंडीत गहू उशिरा उगवतो, म्हणून हीटरजवळच्या खिडकीत ठेवावी. आणि करंज्या. रवा, सुकं खोबरं देशी दुकानात मिळतं. कातण नसली तर काट्याने कडा दाबाव्यात, पण लाटलेल्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्यात. वाळल्या की कड चिकटत नाही आणि करंजी तेलात उकलते. तळणीचा वास जिन्यात गेला की शेजारी दार उघडून बघतात. माळा वाढल्या तशी घरं मुकी झाली, हे माझं जुनं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

सण वस्तूंनी नाही, गळ्यांनी होतो, हे आपल्या शिरगावच्या लोकांना वेगळं सांगायला नको. दर गुरुवारी सोमाटणे फाट्यावरून माणसं इथल्या साईबाबांच्या मंदिरात, प्रतिशिर्डीला, येतात. शिर्डीसारखं मंदिर बांधलं, एवढ्याने ती आली नसती. इथे आरती म्हणणारे गळे आहेत.

एक गोष्ट मात्र इंग्लंडातल्या त्या मुलीला आत्ताच कळायला हवी. 25 डिसेंबरला इंग्लंडात रेल्वे बंद असते, बसही बहुतेक ठिकाणी नसतात. लांबच्या मैत्रिणींना त्या दिवशी जेवायला बोलावून उपयोग नाही. त्यांना 24 तारखेलाच मुक्कामाला बोलावावं, करंज्या भरायला बसवावं. आणि ग्रुपवरच्या मंडळींनो, तुम्ही त्या संध्याकाळी खरेदीच्या लिंका पाठवू नका. फोन करा, आणि ती गाईल तेव्हा इकडून साथ द्या.