रांग कोणती आणि नंबर कोणाचा?



टोरांटो परिसरातल्या मराठी घरांत हल्ली जेवणाच्या टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येते: "आम्ही रीतसर अर्ज केला, रांगेत उभे राहिलो, तेव्हा आलो. ही मुले मात्र मागच्या दाराने शिरतात." ही मुले म्हणजे भारतातून येथील कॉलेजांत शिकायला आलेली, रात्री गोदामात किंवा कॉफीच्या दुकानात काम करणारी आणि कायम वास्तव्याच्या परवान्याची, म्हणजे पीआरची, वाट पाहणारी तरुण मंडळी. प्रामाणिकपणे सांगायचे तर हे वाक्य मीही उच्चारलेले आहे. म्हणूनच ते तपासून पाहावेसे वाटले.

आधी माझीच गोष्ट. मी २००८ साली पोस्टडॉक म्हणून येथे आले आणि २०१०च्या आरंभी पीआरसाठी अर्ज केला. तेव्हा १०० पैकी ६७ गुण मिळाले की पास. पीएच.डी.ला २५ गुण, इंग्रजी व फ्रेंचला मिळून जास्तीत जास्त २४, कामाच्या अनुभवाला २१ आणि वय २१ ते ४९ मध्ये असेल तर त्याचे पुरे १०. पुण्याहून पोलिसांचा दाखला, दहा वर्षांतल्या प्रत्येक घराचा पत्ता, वैद्यकीय तपासणी, सगळे जमवताना दमछाक झाली. पण काम फार न रखडता झाले. ही आपल्या गुणवत्तेची पावती, असे समजून मी पेढे वाटले.

मला तेव्हा ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक करून घ्यायचे नव्हते, की माझ्या कितीतरी आधी अर्ज केलेले लाखो लोक अजून ताटकळत होते. कोणते अर्ज आधी हातात घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार २००८च्या कायदादुरुस्तीने मंत्र्यांना मिळाला आणि नव्या अर्जांना प्राधान्य मिळू लागले. पुढे २०१२च्या अर्थसंकल्पी कायद्याने २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे, निर्णय न झालेले कुशल कामगार वर्गातले अर्ज सरळ रद्दच केले. कुटुंबीय धरून सुमारे २ लाख ८० हजार माणसांचा हा प्रश्न होता. काहींनी न्यायालयात दाद मागितली, पण सरकारचा निर्णय कायम राहिला. फी परत मिळाली. पण त्या भरवशावर मुलांच्या शाळा, नोकरीतली बढती, घराची खरेदी ज्यांनी लांबणीवर टाकली त्यांना ती वर्षे कोण परत देणार?

म्हणजे जे खरोखर रांगेत उभे होते त्यांना घरी पाठवले आणि त्यांच्या मागून आलेली मी आत गेले. यात मी कोणताही नियम मोडला नाही. पण "आम्ही रांगेतून आलो" असे म्हणण्याचा अधिकार मला उरतो का?

थोडे मागे जाऊ. १९०८ साली कॅनडाने नियम केला की स्थलांतरिताने मायदेशातून सलग प्रवास करून, तिथेच काढलेल्या तिकिटावर आले पाहिजे. नियमात भारताचे नावही नव्हते. पण भारतातून सलग प्रवासाची सोय मिळणार नाही याची काळजी घेतलेली होती. शिवाय भारतीयाच्या खिशात २०० डॉलर हवेत अशी अट. मे १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला आले. पूर्वीपासून येथे राहणारे आणि आणखी मोजके लोक सोडले तर कोणालाही उतरू दिले नाही. दोन महिन्यांनी जहाज परत पाठवले आणि कोलकात्याजवळ बजबज येथे झालेल्या गोळीबारात अनेक प्रवासी मारले गेले. पुढे १९५१ साली भारतासाठी वर्षाला १५० माणसांचा कोटा ठरला. वर्णाची आडकाठी नियमांतून बव्हंशी गेली ती १९६२ साली, आणि गुणांची पद्धत आली १९६७ साली.

१९६६ साली भारतीय इंजिनियर कमी हुशार होते आणि १९६७ साली अचानक हुशार झाले, असे काही घडले नव्हते. दार उघडले ते येथील लोकांनी लढून, वाद घालून आणि देशाची गरज ओळखून नियम बदलले म्हणून. त्या दारातून आत येणाऱ्याने सगळे श्रेय स्वतःकडे घेणे बरे नव्हे.

गुणवत्तेबद्दलही आपण जरा जपूनच बोलावे. महाराष्ट्रात राखीव जागांचा विषय निघाला की 'मेरिट' हा शब्द कोण, कशासाठी वापरतो हे आपण जाणतो. पीआरचा गुणतक्ता इंग्रजीला गुण देतो, पदवीला देतो, जोडीदाराच्या शिक्षणालाही देतो. माझे इंग्रजी वडिलांच्या बँकेतल्या नोकरीतून आणि घरातल्या पुस्तकांतून आले. माझ्या विद्यापीठाची फी नाममात्र होती, कारण उरलेला खर्च करदात्यांनी उचलला. त्यांत कधीच विद्यापीठाची पायरी न चढलेले शेतमजूरही होते. तक्त्यावर गुण माझ्या नावाने लागले, इतकेच.

आणि तक्ताही स्थिर नाही. जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' आली. तिच्या क्रमवारीत पंचेचाळिशी गाठली की वयाचे गुण शून्य. मी आज पुन्हा अर्ज केला तर त्या रकान्यात मला भोपळा! नोकरीचे पत्र हाती असणाऱ्यांना मिळणारे ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ रोजी काढून घेतले गेले. आदल्या दिवशी पात्र वाटणारा उमेदवार दुसऱ्या दिवशी मागे पडला. त्याची गुणवत्ता एका रात्रीत कमी झाली नव्हती.

ही मुले मागच्या दाराने आली, हेही खरे नाही. त्यांना बोलावले होते. ऑन्टारिओ सरकारने २०१९ मध्ये देशी विद्यार्थ्यांची फी १० टक्के कमी करून गोठवली आणि कॉलेजांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट फीवर गाडा ओढला. २०२३ अखेरीस कॅनडात १० लाखांहून अधिक विद्यार्थी-परवाने होते. मग घरभाडी कडाडली, लोक चिडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये नव्या परवान्यांवर मर्यादा आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ साठीचे पीआरचे लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले गेले. शेत गहाण टाकून मुलीला पाठवणाऱ्या बापाला या आकड्यांची पूर्वसूचना कोण देणार होते?

दरवर्षी किती लोक घ्यायचे हे ठरवण्याचा देशाला अधिकार आहे, हे मला मान्य आहे. घरे, दवाखाने, शाळा अपुऱ्या पडत असतील तर आकडा कमी करावा. खोटी कागदपत्रे देणाऱ्या एजंटांना शिक्षाही व्हावी. पण नव्या माणसासाठी दार अरुंद करणे वेगळे आणि ज्याच्याकडून फी, कर आणि कष्ट आधीच घेतले त्याच्यासाठी नियम मध्येच बदलणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला अन्यायच म्हटले पाहिजे.

तेव्हा आपण काय करू शकतो? आपल्या खासदाराला पत्र लिहून दोन मागण्या करता येतील: ज्या दिवशी माणूस शिकायला किंवा कामाला आला त्या दिवशीची पीआरची वाट त्याच्यासाठी खुली राहावी, आणि दाखल झालेला अर्ज निर्णयाविना रद्द होऊ नये. फी घेऊन सल्ला द्यायला परवाना लागतो. पण एखाद्या शनिवारी फुकट शेजारी बसून मुलांची कागदपत्रे तपासायला, पत्ते आणि तारखा जुळवून द्यायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. आपल्यापैकी ज्यांची बेसमेंटे या मुलांना भाड्याने दिलेली आहेत त्यांनी भाडे वाजवी घ्यावे आणि पावती द्यावी. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून ती त्यांना उपयोगी पडते.

आणि पुढच्या वेळी टेबलावर ते वाक्य निघाले, तर यजमानांचा मान राखूनही एवढे जरूर विचारावे: आपण नेमके कोणत्या रांगेतून आलो?

आपले अनुभव आणि मतभेद, दोन्ही अवश्य कळवा.