आवळा आणि कोहळा

आपल्याकडे एखादी गोष्ट नीट बसवली याचा पुरावा एकच. ती पुन्हा निघता कामा नये. नळाची तोटी अशी पिळायची, की सकाळी पाणी भरायला उठलेल्या माणसानं अख्खं घर जागं करावं. लोणच्याच्या बरणीचं झाकण असं लावायचं, की ते उघडायला दाराची फट लागावी. नळाच्या आणि बरणीच्या बाबतीत मी आजवर गप्प बसलो. पण हाच हात घेऊन माणूस रविवारी सकाळी बनियनवर मोटारीचं बॉनेट उघडतो, तेव्हा मात्र मला तोंड उघडणं भाग आहे.

घरच्या घरी प्लग साफ करणं, ऑइल बदलणं याला माझा विरोध नाही. चांगली सवय आहे. पैसे वाचतात, शिवाय दोन तास बायको काही काम सांगत नाही. माझं भांडण शेवटच्या अर्ध्या मिनिटाशी आहे. बोल्ट जागेवर बसलेला असतो. आता हात धुवायचे आणि चहा मागायचा. पण नाही! हा गृहस्थ पाय रोवतो, दातओठ खातो आणि ‘अजून जरासा’ म्हणत एक हिसका देतो. हा हिसका मोटारीच्या कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही. तो आपल्या रक्तात आहे.

मुळात बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. बोल्ट ही एक स्प्रिंग आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही. आवळला की तो केसभर लांबतो, आणि पुन्हा आखडायची त्याची जी धडपड असते, तिनंच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. कमी ताणला तर पकड नाही. मर्यादेबाहेर ताणला तर तो परत आखडत नाही. जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक आठवा. अशा बोल्टवर इंजिन सोपवणं आणि अशा पायजम्यावर चारचौघांत फिरणं, दोन्ही सारखंच धाडसाचं.

आमच्या शेजारच्या काकांना मी हे सांगून पाहिलं. ते हसले. म्हणाले, “अहो, तुमची माप-बिपं राहू द्या. या हाताला कळतं!”

“काका, हाताला काय कळतं?”

“अहो, कळतं म्हणजे कळतं! तुमच्या आजीनं कधी मीठ मोजून घातलं होतं का?”

नव्हतं घातलं. पण आजी आमटी चाखायची! बोल्ट कुठे चाखता येतो? आपण पान्यावर जेवढा जोर लावतो, त्यातला ढोबळमानानं निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जिरतो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जिरतो, आणि प्रत्यक्ष बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. (सरकारी योजनेचा पैसा शेवटच्या गावाला पोचतो, तसाच हा हिशोब.) आता आट्यांना थोडं ऑइल लागलेलं असलं की घर्षण कमी होतं, आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. गंज किंवा माती असली की उलटं, हाताला वाटतं घट्ट झाला आणि बोल्ट आत ढिलाच. म्हणजे हाताला कळतो तो फक्त विरोध. बोल्टच्या पोटातलं त्याला काही कळत नाही. म्हणून आटे आधी पुसून साफ करायचे, आणि पुस्तकात सांगितलं असेल तिथेच ऑइल लावायचं. रोज चाळीस प्लग बसवणाऱ्या एखाद्या मिस्त्रीचा हात तयार असेलही. वर्षातून दोनदा बॉनेट उघडणाऱ्याचा हात कशावर तयार होणार? बरणीवर?

शिवाय हे हात घडले कुठे, तेही बघा. अँबॅसडरच्या जुन्या इंजिनाचं हेड बिडाचं. तव्याच्या जातीचं, पुष्कळ सोसणारं. १९८३ साली मारुती आली आणि घरोघरी अ‍ॅल्युमिनियमचं हेड येऊन पोचलं. फियाटवाल्यांकडे ते आधीपासून होतंच, पण त्यांचं ऐकतो कोण? अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यातल्या आट्यांत पोलादी प्लग फिरवायचा म्हणजे साबणात स्क्रू पिळण्याचीच थोडी सुधारलेली आवृत्ती. १४ मिलिमीटरच्या, बुडाशी वायसर असलेल्या प्लगला अशा हेडमध्ये साधारण अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर पिळ पुरतो. म्हणजे किती? २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो जोर लावला, की झाले अडीच. आता आमचे बहाद्दर काय करतात, तर पान्याला मीटरभर लांबीचा पाइप अडकवतात. त्याच दहा किलोंचे झाले दहा किलोग्रॅम-मीटर! आणि दहा किलोंवर थांबतो कोण? पोटासकट सगळा देह त्या पाइपवर रेलतो. मग आतून एक मऊ, लोण्यासारखी जाणीव येते. पाना अचानक हलका फिरायला लागतो. ‘बसला एकदाचा!’ असं म्हणायची हीच ती वेळ. कारण आटे गेलेले असतात.

यालाच मी आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतो. तुम्ही आवळा, कोहळा गॅरेजवाला काढतो. कधी नवे आटे पाडून आत पोलादी तारेचं वेटोळं बसवायचं, कधी अख्खं हेड उतरवायचं. एका साध्या प्लगपायी!

बरं, माप घ्यायला हत्यार नसलं तरी अडत नाही. इंजिन थंड होऊ द्यावं. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत तळाला टेकेपर्यंत न्यावा. मध्येच अडला तर तो वाकडा चाललाय, काढून पुन्हा लावावा. टेकल्यावर नवा असेल तर पान्यानं अर्धा-पाऊण फेरा, पुरे. पाऊणही जास्तच, दोन तृतीयांशावर थांबलेलं बरं. जुनाच प्लग परत लावताय? त्याचं वायसर आधीच चेपलेलं असतं. तेव्हा फक्त बारावा हिस्सा, घड्याळातल्या एका तासाएवढा. ढिला मात्र ठेवू नका. प्लगची उष्णता त्या बैठकीतूनच हेडमध्ये जाते. बैठक ढिली राहिली की प्लग तापून लाल.

ऑइलच्या चेंबरचा बोल्ट गळायला लागला की त्याला आणखी पिळणारी एक जमात आहे. गळती थांबवणं हे त्या वायसरचं काम. ते बदला ना! चहाच्या किमतीत येतं.

हेडच्या बोल्टांना मात्र घरी हात लावायचा तर पुस्तक समोर हवंच. गादीवर चादर घालताना आपण मधून कडेला हात फिरवतो, तसेच हे बोल्ट मधून बाहेर, दिलेल्या क्रमानं, दोन-तीन हप्त्यांत आवळायचे. पहिलाच कोपरा कचकचून आवळला की हेडला पोक येतं, गॅस्केट उडतं, पाणी आणि ऑइल एकत्र येतात आणि इंजिनात दुधाचा चहा तयार होतो. काही नव्या इंजिनांत तर हे बोल्ट मुद्दाम मर्यादेपर्यंत ताणतात, अंश मोजून. ते एकदाच वापरायचे. ‘चांगले तर दिसतायत’ म्हणून परत लावणाऱ्यांत मी वकील पाहिले आहेत, प्राध्यापक पाहिले आहेत.

माप सांगणाऱ्या पान्याला टॉर्क रेंच म्हणतात. त्याचं श्रेय कॉनराड बार नावाच्या गृहस्थाला दिलं जातं. १९१८ साली तो न्यूयॉर्कच्या पाणी खात्यात होता, आणि तिथले लोक नळांचे बोल्ट वाजवीपेक्षा जास्त पिळत होते. म्हणजे तोटी पिळणारे तिथेही होतेच. फरक एवढाच, की तिथे कुणीतरी वैतागून हत्यार काढलं.

काकांनाही मी माझा टॉर्क रेंच दाखवला. ठरवलेल्या आकड्याला तो ‘टक्’ असा आवाज करतो आणि तिथे थांबायचं असतं, हे सांगितलं. काका खूश झाले. तीनदा टक् टक् टक् करून म्हणाले, “वा! आता एक आपल्या हातानं देतो.” काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग शाबूत राहते. काकांनी तो दोन आठवड्यांनी परत केला, आकडा सर्वांत वरच्या खुणेवर ठेवून. काय केलं विचारलं, तर म्हणाले, “काही नाही हो, नळाची तोटी निघत नव्हती.”