सीटचे चामडे 'छंद' आणि चपलेचे चामडे 'जात'?

यूट्यूबवर हल्ली एक प्रकार जोरात आहे. जुन्या गाडीची फाटकी-विटकी लेदर सीट घरच्या घरी रंगवून नवी कशी करायची, याचे व्हिडिओ. करणारा बंगल्याच्या पोर्चमध्ये मांडी घालून बसलेला असतो, हातात स्पंज, बाजूला रंगाच्या बाटल्या. खाली कौतुकाच्या कमेंटांचा पाऊस. कोणी त्याला कलाकार म्हणते, कोणी म्हणते वीकेंड सार्थकी लागला. त्याला कोणीही जात विचारत नाही. चामड्याला हात लावला म्हणून त्याच्या घरी कोणी पाणी प्यायचे थांबवत नाही.

आम्हाला या माणसाविषयी काही तक्रार नाही. उलट त्याने नकळत आमचे काम सोपे केले आहे. विटाळ चामड्यात होता की माणसात, याचा निकाल त्याने पोर्चमध्ये बसून लावला!

तसा तो निकाल फार पूर्वीच लागलेला होता. गावच्या विहिरीवरची मोट चामड्याची असे. कातडे कमावणारे ढोर, शिवणारे चर्मकार, मेलेले जनावर ओढून नेणारे महार. त्या मोटेतून आलेल्या पाण्यावर पाटलाचा मळा पिके, मळ्यात राबणारे तेच पाणी पीत. मोट विहिरीत बुडाली तरी विहीर बाटत नव्हती. मोट करणाऱ्याने घागर बुडवली की बाटत होती. मृदंगावर चामडेच, देवळात चालते. वाजवणारा आत, मढवणारा बाहेर. वस्तू शुद्ध आणि वस्तू करणारा अशुद्ध, हे गणित ज्यांनी मांडले त्यांना शुद्धतेशी कर्तव्य नव्हतेच. फुकट राबणारे हात हवे होते.

आता मूळ मुद्द्याकडे. आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "मी गाड्यांच्या सीट रंगवण्याचे काम शिकलो तर चालेल का?" त्यावर दोन तट पडले. एक म्हणाला, बाबासाहेबांनी ढोरे ओढायची सोडायला लावली आणि तू परत चामड्याकडे निघालास? दुसरा म्हणाला, पोटाला जात नसते, चार पैसे मिळतात तर करू दे. आमच्या मते दोघेही प्रश्नाच्या बाजूने निघून गेले.

पहिल्याला आधी उत्तर देऊ. बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले? १९२७ च्या महाड परिषदेपासून मृत मांस सोडा, मेलेली ढोरे ओढू नका हा आग्रह आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी हा विषय काढला होता. कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न सोडायला सांगून हे पुढारी गरिबांचे नुकसान करतात, असा हिशोब एका वृत्तपत्रातून मांडला गेला होता. त्यावर बाबासाहेबांचा रोख स्पष्ट होता: एवढा फायदा दिसतो तर तुम्हीच का ओढत नाही? या उत्तराला अजून प्रत्युत्तर आलेले नाही. म्हणजे विरोध चामडे नावाच्या पदार्थाला नव्हता. जन्माने गळ्यात पडलेल्या, नकार देण्याची सोय नसलेल्या आणि केल्यावर माणूसपण काढून घेणाऱ्या कामाला होता. जातीने कामांची वाटणी केली नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडले, हे त्यांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. त्या कसोटीवर सीट रंगवणे हे गाडी दुरुस्तीइतकेच साधे काम आहे.

दुसऱ्याला मात्र आम्ही जास्त सावध करू इच्छितो. पोटाला जात नसते हे वाक्य ऐकायला छान. पण जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना गोरक्षकांनी उघडे करून मारले, तेव्हा ते पोटाचेच काम करत होते. त्यानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायचे नाकारले, हे त्या आंदोलनाचे खरे बळ. काम नाकारता येणे हाच स्वातंत्र्याचा पुरावा.

मग सीट रंगवण्याचे हे काम आहे तरी काय? थोडे तपशिलात जाऊ, कारण आपल्याकडे भाषण पुष्कळ आणि तंत्र कमी होते.

पहिली गोष्ट, भारतात ज्याला लेदर सीट म्हणतात ते पुष्कळदा चामडे नसतेच, पीव्हीसी किंवा पीयूचे रेक्झिन असते. सीटखालची कड उलटून पाहावी. मागे कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन, तंतुमय केसाळ पाठ दिसली तर चामडे. अस्सल असले तरी गाडीतल्या बहुतेक चामड्यांचा वरचा रंग हा रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. झिजतो तो हाच. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आधी जाते, कारण चढता-उतरताना घासते. म्हणूनच कातडे शाबूत असेल तर नवे कव्हर शिवायची गरज नसते.

सगळी मेहनत तयारीत आहे. मऊ ब्रशने मळ काढायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसायचा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा, भेगांत लवचीक फिलर भरायचा. डॅशबोर्डची चमक वाढवणारे सिलिकॉन सीटवर राहिले तर रंग धरत नाही आणि पापुद्रे निघतात. रंग पाण्यात मिसळणारा, चामड्यासाठीच केलेला घ्यावा. भिंतीचा ऑइलपेंट वाकताना तडकतो, बुटाचे पॉलिश गिऱ्हाइकाच्या पॅन्टला लागते. एकच जाड हात मारण्याचा मोह टाळून स्पंजने पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, शेवटी संरक्षक थर. दारे उघडी, हातात मोजे, स्प्रे वापरत असाल तर तोंडाला योग्य मास्क. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्या शिवणीत फिलर किंवा रंग भरायचा नाही. हे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

मोजे आणि मास्क घाला, हे पोर्चमधला माणूसही आवर्जून सांगतो. चांगलेच आहे. पण त्याच चामड्याचा आधीचा प्रवास पाहा. चुना आणि सोडियम सल्फाइडमध्ये केस उतरवणे, मांस खरवडणे, क्रोमियमने कमावणे. कानपूरच्या आणि तामिळनाडूतल्या राणीपेट-आंबूर पट्ट्यातल्या टॅनऱ्यांत ही कामे कोण करते, ते आम्ही सांगायला नको. चामडे जसजसे स्वच्छ, सुगंधी आणि महाग होत जाते तसतसे करणाऱ्याचे आडनाव बदलत जाते. शेवटच्या टप्प्याला इंग्रजी नाव मिळते, 'डिटेलिंग स्टुडिओ'. तिथेही गुडघ्यावर बसून सीट घासणारा पोरगा आपल्याच वस्तीतला असतो, गल्ल्यावर बसणारा नसतो. आमचा आग्रह त्या गल्ल्याबद्दल आहे.

आणि इथेच सरकारी योजनेचा मुद्दा येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा व्यवसाय, त्यात चर्मकारीही. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्के व्याजाने कर्ज. पैसा वाईट नाही. पण ही योजना व्यवसायांना 'कुटुंबाधारित पारंपरिक' म्हणून ओळखते. म्हणजे बापाचा धंदा मुलाने करावा, सरकार वर हात ठेवील! नोव्हेंबर २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने नेमकी हीच हरकत घेतली, कुटुंबाची अट काढल्याशिवाय ही योजना राबवणार नाही असे कळवले आणि स्वतःची जातनिरपेक्ष योजना आणली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठताबसता घेणाऱ्या महाराष्ट्राने अशी हरकत का घेऊ नये?

एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही बौद्ध आहोत. चर्मकार किंवा ककय्या बांधवांनी त्यांचा धंदा ठेवावा की सोडावा हे आम्ही ठरवणार नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये पां. ना. राजभोजांसारखे चर्मकार नेते बाबासाहेबांबरोबर होते, तेव्हा हा वाद घरातला आहे आणि घरात बसूनच व्हावा.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, शीक. आधी भंगारातून आणलेल्या सीटवर हात बसव, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नको. भाव मीटरवर नाही, सीटची अवस्था पाहून तूच ठरव आणि लिहून दे. दोन वर्षांनी कंटाळलास तर सोडून दे, कोणालाही उत्तर द्यायला बांधील नाहीस. समाजकल्याण आयुक्तांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही करतो आहोत. मागणी एकच: चामड्यासह कोणत्याही कौशल्याच्या प्रशिक्षणात अर्जदाराच्या घरचा धंदा विचारू नये आणि चामड्याच्या वर्गात इतर समाजांच्या मुलांनाही बोलवावे. पोर्चमध्ये बसणाऱ्यांना आवड आहेच, त्यांनीही रीतसर अर्ज करावा.