मेंदूचे मोजमापही वर्णावरून!

अमेरिकन फुटबॉल हा तिकडचा अब्जावधी डॉलरचा धंदा. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचे आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटायच्या! माजी खेळाडू डेव्ह ड्युअरसन यांनी २०११ मध्ये आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, अशी चिठ्ठी मागे ठेवली. २०१२ मध्ये ज्युनियर सिआऊ यांनी जीवन संपवले. दोघांच्याही मेंदूत सीटीई हा ऱ्हासाचा आजार आढळला. नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या खेळाडूच्या मेंदूत तो २००२ मध्येच पाहिला होता. लीगच्या डॉक्टरांनी मात्र त्यांचा शोधनिबंधच मागे घ्यायला लावण्याचा खटाटोप केला. आत्महत्येला एकच कारण नसते, हे आम्ही जाणतो. पण पुरावा दडपणाऱ्यांची त्यातून सुटका होत नाही.

खेळाडू कोर्टात गेले. २०१५ मध्ये भरपाईचा समझोता मंजूर झाला आणि खरी मेख तिथेच होती. स्मृतिभ्रंश मोजताना कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी धरणारा निकष लावला गेला. गुण तेवढेच, पण गोऱ्याला भरपाई अन् काळ्याला नकार! निवृत्तांत तर बहुसंख्य कृष्णवर्णीयच. जन्मावरून अक्कल ठरवणारे हे शास्त्र आमच्या वाचकांना नवे नाही. येथे ते डॉक्टरी कोट घालून आले, एवढेच.

केविन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट यांनी २०२० मध्ये दावा ठोकला. २०२१ मध्ये लीग झुकली, मार्च २०२२ मध्ये कोर्टाने निकष रद्द करण्यास मंजुरी दिली. गुण पुन्हा मोजले, तेव्हा आधी 'ठीक' ठरवलेले शेकडो जण आजारी निघाले.