कॉलम भरण्याआधी रिंगा मोजा
जबलपूरमधील मराठी घरमालक, फ्लॅटधारक आणि बांधकाम व्यावसायिकांना जाहीर आवाहन



२२ मे १९९७ ची रात्र ज्यांनी जबलपुरात काढली, त्यांना तिची आठवण करून द्यावी लागत नाही. मध्यरात्र उलटून एक-वीसचा सुमार होता. कोसमघाटजवळ केंद्र असलेल्या ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे ४० जीव घेतले. कोसमघाट, रिछाई या गावांतली माती-विटांची घरे पडली. शहरात आणखी एक गोष्ट दिसली. पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या काही काँक्रीटच्या इमारतींत वरचे मजले बऱ्यापैकी शाबूत राहिले, पण तळमजल्याचे कॉलम फुटले. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार होता, खाली सगळा धक्का एकट्या कॉलमांवर आला.

आज घर बांधणाऱ्यांपैकी अनेक जण त्या वर्षी लहान होते, काहींचा तर जन्मही झाला नव्हता. नर्मदेच्या खोऱ्यातली जमीन मात्र तीच आहे. म्हणून हे आवाहन.

घर बांधताना आपण सळई कोणत्या कंपनीची, सिमेंट कोणते, हे चौकसपणे विचारतो. उभ्या सळयांभोवती बांधलेल्या दोन रिंगांत अंतर किती, हे क्वचितच कोणी विचारतो. भूकंपात कॉलमचा जीव याच रिंगांत असतो. इमारत हलू लागली की कॉलमच्या टोकांवर सर्वांत जास्त ताण येतो. तिथे रिंगा विरळ असतील तर काँक्रीटचा बाहेरचा थर गळून पडतो, उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकतात आणि आतले काँक्रीट भुगा होऊन निसटते. रिंगा जवळ-जवळ आणि पक्क्या असतील तर तेच काँक्रीट आवळलेले राहते. कॉलम जखमी होतो, पण उभा राहतो आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३९२० या संहितेत, तिच्या २०१६ च्या आवृत्तीत, याची मापे दिली आहेत. ३०० बाय ३०० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण फूटभर रुंदीचा कॉलम घ्या. त्यात १२ मिलिमीटरच्या, म्हणजे चार सुती सळया आहेत. टोकांजवळ रिंगांमधले अंतर तीन मापांपैकी सर्वांत लहान मापाइतके हवे: कॉलमच्या कमी रुंदीचा चौथा भाग, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या जाडीची सहापट, किंवा १०० मिलिमीटर. हिशेब केला तर ७२ मिलिमीटर येतात, म्हणजे तीन इंचांहूनही कमी. तीन मीटर उंचीच्या कॉलममध्ये ही दाट बांधणी वर आणि खाली निदान ५०० मिलिमीटर हवी. मधल्या भागात रुंदीच्या निम्मे, म्हणजे १५० मिलिमीटर अंतर चालते. आठ-आठ इंचांवर एकसारख्या रिंगा बांधलेल्या दिसल्या, तर काम तिथेच थांबवा.

काँक्रीट ओतण्यापूर्वी टेप घेऊन स्वतः साइटवर जा आणि एवढे तपासा:

१. रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या आत गेलेली हवीत. वळणापुढचे शेपूट रिंगेच्या सळईच्या जाडीच्या सहापट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. काटकोनात वळवलेली टोके धक्क्यात उघडतात.

२. कॉलम आणि बीम जिथे मिळतात, त्या सांध्यातही रिंगा हव्यात. तिथे बांधणे अवघड, म्हणून त्या हमखास गाळल्या जातात.

३. बीममध्ये पहिली रिंग कॉलमच्या कडेपासून ५० मिलिमीटरच्या आत हवी आणि दोन्ही टोकांना, बीमच्या खोलीच्या दुपटीइतक्या लांबीत, रिंगा दाट हव्यात.

४. सळया फार खेटूनही नकोत. २० मिलिमीटरची गिट्टी वापरत असाल तर दोन आडव्या सळयांत निदान २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. सळई त्याहून जाड असेल तर तिच्या जाडीइतकी ठेवा. नाहीतर गिट्टी वरच अडकते आणि खाली पोकळी राहते.

५. लिफ्टची किंवा इतर काँक्रीटची भिंत २०० मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर सळयांच्या दोन जाळ्या हव्यात. सळयांमधले अंतर भिंतीच्या जाडीच्या तिप्पट किंवा ४५० मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नको.

६. कॉलमच्या सळईबाहेर ४० मिलिमीटर काँक्रीट राहील असे कव्हर ब्लॉक लावा. विटेचे तुकडे किंवा गिट्टी खाली सारू देऊ नका.

ही कमीत कमी पथ्ये आहेत. अंतिम मापे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशातली. तो नकाशा साइटवर असलाच पाहिजे आणि इंजिनिअरने बांधणी पाहून सही केल्याशिवाय ओतकाम सुरू होता कामा नये.

ठेकेदार आणि मिस्त्री बंधूंना विनंती: घाई मालकाची असली तरी रिंगा कमी करू नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना विनंती: तळमजला मोकळा असेल तर सोसायटीच्या पुढच्याच बैठकीत इमारत तपासून घेण्याचा ठराव करा. पाइप किंवा एसीसाठी कॉलम-बीम फोडू देऊ नका. अभियंता बंधु-भगिनींना विनंती: १९४७ पासून अभियंते घडवणारे महाविद्यालय आपल्या शहरात आहे. महिन्यातला एक रविवार काढून शेजारच्या एखाद्या साइटवर जा आणि मालकाला हे मोजायला शिकवा.

आपल्यापैकी अनेकांची नातीगोती मराठवाड्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीने काय भोगले, ते आपण घरातल्या माणसांकडून ऐकले आहे. तिथली घरे दगड-मातीची होती. आपण सिमेंट-लोखंडावर आयुष्यभराची कमाई लावतो आहोत. घर नीट बांधून घेणे आपल्या हातात आहे.

काँक्रीट ओतले की रिंगा पुन्हा दिसत नाहीत. म्हणून ओतण्याआधी तासभर काढा, टेप लावा आणि मोजा.

आपला,
जबलपूरमधील एक मराठी बांधकाम अभियंता