नोंद नसलेली रांग

अंगणवाडीत मुलाचे वजन होते, उंची मोजली जाते, दंडाला पट्टी लावून घेर पाहिला जातो. मूल तीव्र कुपोषित निघाले की त्याचे नाव यादीत चढते आणि त्या यादीची विचारणा पार जिल्हा परिषदेपर्यंत होते. पण तीन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, हवे ते बोटाने दाखवत नसेल, येत असलेले चार शब्दही बोलेनासे झाले असेल आणि डब्याचे झाकण तासन्‌तास गरगर फिरवत बसत असेल, तर? वजनकाट्याच्या दृष्टीने ते ठणठणीत असते. घरी आजी म्हणते, त्याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारीण म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, पोट्टा जरा एकलकोंडा आहे, शाळेत गेला की सुधारेल. अशी दोन वर्षे जातात, आणि ऑटिझमच्या बाबतीत नेमकी हीच दोन वर्षे सर्वांत मोलाची असतात.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द ऐकायला इतका छान, की कवीबिवी कोणी विचारात हरवला आहे असे वाटावे. प्रत्यक्षात मुलाला बोलणे, नजर देणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, आवाज आणि स्पर्श सोसणे यांत अडचणी येतात. गोळीने जाणारा हा आजार नाही. लवकर ओळखून वाचा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी, वर्तनावर काम आणि आईबापांचे प्रशिक्षण मिळाले, तर अनेक मुले संवाद साधायला लागतात. हे सारे आठवड्यामागून आठवडा, वर्षानुवर्षे चालवावे लागते. सरकारी यंत्रणेची खरी पंचाईत इथे होते.

कॅनडाच्या ऑंटारियो प्रांतात सरकारी ऑटिझम कार्यक्रमात नोंदलेल्या मुलांचा आकडा साठ हजारांपलीकडे गेला आणि त्यावरून तिथल्या सरकारला वर्षानुवर्षे बोलणी खावी लागली. इंग्लंडमध्ये तपासणीसाठी किती जण थांबले आहेत आणि त्यांतले किती जण तेरा आठवड्यांपेक्षा जास्त काळ थांबले आहेत, हे आकडे आरोग्य सेवा स्वतःच प्रसिद्ध करते. आकडे लाजिरवाणे आहेत, पण निदान समोर आहेत. गोंदिया जिल्ह्यात असा आकडा वर्तमानपत्रात कधी वाचायला मिळत नाही. मग रांगच नाही, असा सोयीचा अर्थ निघतो.

रांग किती लांब असेल? भारतात पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाचांत उत्तर गोवाही होते. मेंदूच्या विकासाशी निगडित एखादी तरी अडचण साधारण आठातल्या एका मुलात आणि ऑटिझम शंभरात एका मुलात, असे ते चित्र होते. २०११च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती. त्यातला आठवा हिस्सा या वयाचा धरला तर मुले होतात दीड लाखाच्या वर, आणि शंभरात एक म्हणजे दीड हजारांच्या आसपास. हा हिशेब पाटीवरचा आहे, मोजणी नव्हे. खरी मोजणी करणे हे सरकारचे काम, आणि त्यासाठीची योजनाही आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला, तो महाराष्ट्रातच, पालघरला. फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांना एकदा तपासायचे, आणि संशयित मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी त्याची रचना. तीस व्याधींच्या यादीत ऑटिझम आहे. केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवण तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक असावेत, हेही कागदावर आहे.

सगळी पदे भरलेली आहेत असे क्षणभर धरू. केंद्रात वाचा उपचार करणारी एक व्यक्ती आहे. ती दिवसाला आठ मुले घेते (हा भार जास्तच झाला), आठवड्याचे सहा दिवस. झाली अठ्ठेचाळीस सत्रे. मुलाला आठवड्यातून दोनदा यायला हवे, म्हणजे चोवीस मुले. पंचविसावे मूल आले की केंद्र भरले. त्या मुलाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतात, आणि हा पुढचा महिना कुठल्याच वहीत लिहिला जात नसेल तर त्याला प्रतीक्षा म्हणायची तरी कशी?

ज्यांना जिल्ह्यात जागा मिळत नाही, त्यांच्यापुढे रेल्वेमार्ग आहे. पश्चिमेला नागपूर १३० किलोमीटर. पूर्वेला छत्तीसगडमधले राजनांदगाव शंभरेक किलोमीटर. तिथे केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे प्रादेशिक केंद्र आहे, आणि २०२१मध्ये देशात उघडलेल्या चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत त्याचा समावेश होता. पण हे गोंदिया शहरातल्या घरापुरते झाले. केशोरी, देवरी किंवा सालेकसा भागातल्या खेड्यातल्या कुटुंबाला आधी स्टेशन किंवा बसथांबा गाठायचा, मग गाडी. आठवड्यातले दोन दिवस गेले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. रोवणीच्या दिवसांत बांधीत पऱ्हे पडून असताना आईने मुलाला घेऊन नागपूरला जावे, असा सल्ला देणाऱ्याने एकदा चिखलात उतरून पाहावे. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर येणे थांबते. सरकारी कागदावर त्याची नोंद ‘पालकांनी पाठपुरावा केला नाही’ अशी होऊ शकते.

पैशाचीही गंमत आहे. मुलाचे ओठ दुभंगलेले असतील, हृदयाला छिद्र असेल, तर शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलते, आणि उचलायलाच हवा. शस्त्रक्रिया एकदा होते, तिचा फोटो निघतो, आकडा लागतो. थेरपीला फोटो नाही. मूल सहा महिन्यांनी पहिल्यांदा ‘पाणी’ म्हणाले, याची फीत कोण कापणार? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही बसते. मात्र आधी स्वतः पैसे भरायचे, मग बिले पाठवायची. शिवाय जवळपास थेरपिस्टच नसेल तर बिल आणायचे कुठून?

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही आणखी एक रांग. १९९५च्या कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. २०१६च्या कायद्याने प्रकार एकवीस केले आणि त्यांत तो आला. मोजमापासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय श्रेणी २०१६मध्येच अधिसूचित झाली. गोंदियाला त्याच वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले. बालरोग आणि मनोविकार विभाग असलेल्या महाविद्यालयाने महिन्यातून ठरलेले दोन दिवस तपासणीसाठी ठेवले, तर प्रमाणपत्रासाठी कोणालाही जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज उरणार नाही.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, हा नियमही आहे. तीनचाकी सायकली आणि थेट मदत वाटण्यात काही गैर नाही. पण जिल्हा परिषद, नगर परिषदा आणि मोठ्या ग्रामपंचायतींनी या निधीचा काही भाग एकत्र करून अर्जुनी मोरगाव, देवरी आणि तिरोड्याला आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्ट बसवला, तर प्रवासाचा अर्धा प्रश्न मिटतो. मुंबई-पुण्यापासून लांब असलेल्या लातुरात ‘उमंग’ हे ऑटिझम केंद्र उभे राहिले आहे. मोठ्या शहराबाहेर हे जमत नाही, हे कारण त्यामुळे टिकत नाही.

तज्ज्ञ मिळत नाहीत ही अडचण मात्र खरी आहे. तिचे एक उत्तर शेजारच्या गोव्यात सापडते. ‘संगत’ संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर केलेला प्रयोग २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा भेटी दिल्या. आईबाप मुलाशी खेळतानाचे चित्रण त्यांनाच दाखवले आणि मूल कुठे प्रतिसाद देते ते ओळखायला शिकवले. पालकांचा मुलाशी मेळ वाढला, मूल स्वतःहून संवाद सुरू करू लागले. गोंदियाला ही पद्धत आणखी एका कारणाने जुळते. इथल्या घरांत झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, छत्तीसगडी आणि हिंदी आहे. नागपूरहून आलेल्या तज्ज्ञाने शुद्ध मराठीत ‘चेंडू दे’ म्हणायचे आणि घरी त्या वस्तूला वेगळेच नाव असायचे, यात आधीच अडखळणाऱ्या मुलाचे काय होणार? गावातली आशा किंवा अंगणवाडी सेविका मुलाच्याच भाषेत बोलते. दिव्यांग मुलांसाठीची अंगणवाडी कार्यपद्धती केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये आणली आहे. मात्र हे काम त्यांच्यावर फुकटात लादू नये. आधीच्या कामांचे मानधन मागायला त्यांना रस्त्यावर उतरावे लागते, हे विसरून चालणार नाही.

जिल्हा प्रशासनाकडे मागणी साधी आहे. शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या नोंदवहीत तीन तारखा असाव्यात: संशय आला ती, तपासणी झाली ती आणि पहिली थेरपी मिळाली ती. या तारखांमधले सरासरी अंतर, थांबलेल्या मुलांची संख्या आणि रिक्त पदे दर तीन महिन्यांनी जाहीर करावीत. जिल्हा परिषदेच्या सभेत तो आकडा वाचला गेला, की पुढची भांडणे सदस्य स्वतःच करतील.

तोवर पालकांनी घरातले माता-बाल संरक्षण कार्ड काढावे आणि लसीकरणाचे पान उलटून विकासाच्या टप्प्यांचे पान वाचावे. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, नावाला ओ देत नसेल, तर शाळेची वाट पाहू नये. अंगणवाडीत सांगावे, लेखी चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यावर तारीख घालून मागावी.